टेक बीटवर नव्याने आलेल्यांसाठी

टीव्हीवर टेक्नॉलॉजीचा बीट, म्हणजे वार्तांकनाचा विषय, मिळालाय, तर पहिलं सांगणं हे: मोबाइल लाँचच्या मागे धावण्यात उमेदीची वर्षं घालवू नकोस. ती बातमी कंपनीची प्रेसनोटच लिहून देते. खरी कसोटी १९ जुलै २०२४ सारख्या दिवशी लागते. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोलमडले. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. अशा वेळी डेस्कवरून कानात एकच घोशा असतो, 'सायबर हल्ला म्हणायचं का?' तेव्हा 'कारण अजून स्पष्ट नाही' हे लाईव्हमध्ये ठामपणे म्हणता आलं पाहिजे. तो हल्ला नव्हताच.

बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया, घेताना तज्ज्ञाला विचार, 'घरच्यांना हे कसं सांगाल?' पहिलं उत्तर बहुतेकदा वापरता येत नाही, दुसरं येतं. व्हिज्युअल्सचा विचार आधी कर. सर्व्हर रूमचे तेच ते निळे दिवे दाखवून कुणालाच काही कळत नाही. यूपीआय अडकलं तर भाजीवालीकडे जा, क्यूआर कोडचा क्लोजअप घे. गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले पण साउंडबॉक्स बोललाच नाही, हे तिच्या तोंडून येऊ दे.

कंपनीच्या खर्चाने दौरा केलास तर तसं प्रेक्षकांना सांग. यात मी तडजोड मानत नाही. आणि ऑनलाइन फसवणुकीच्या प्रत्येक बातमीत १९३० हा हेल्पलाइन क्रमांक पडद्यावर ठेव. तक्रार लगेच झाली तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येऊ शकते.