मेनूकार्डावरील कॅलरींच्या आकड्यावर कितपत विसंबावे?

मोठ्या उपाहारगृहांच्या मेनूवर पदार्थापुढे जो कॅलरींचा आकडा छापलेला असतो तो खरा मानावा का, आणि कामामुळे आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर जेवावे लागणाऱ्या, वजन आटोक्यात ठेवू पाहणाऱ्या माणसाने त्याचा उपयोग कसा करावा, असे तुम्ही विचारले आहे. मधुमेह असलेले वडीलही अनेकदा सोबत असतात, असेही तुम्ही लिहिले आहे. मी आहारतज्ज्ञ आहे आणि उपाहारगृहांच्या पाककृतींचे पोषणमूल्य काढून देणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. माझे उत्तर असे की एकाच मेनूवरील दोन पदार्थांची तुलना करण्यासाठी हा आकडा चांगला उपयोगी पडतो, परंतु दिवसभराच्या खाण्याचा पै-पैचा हिशेब त्यावर मांडू नये. असे का म्हणते, हे कळण्यासाठी तो आकडा तयार कसा होतो ते पाहावे लागेल.

आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंगविषयक नियमांनुसार, ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा आहेत, अशा उपाहारगृहांनी प्रत्येक पदार्थापुढे एका सर्विंगमधील किलोकॅलरी (बोलताना आपण यांनाच कॅलरी म्हणतो) आणि त्या सर्विंगचे प्रमाण लिहिणे बंधनकारक आहे. २०२२ पासून ही तरतूद लागू झाली. म्हणजेच कोपऱ्यावरचे उडपी हॉटेल, खानावळ, मिसळीचे दुकान, पोळीभाजी केंद्र किंवा महामार्गावरचा ढाबा यांना सहसा हे बंधन नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे बाहेरचे खाणे नेमके याच ठिकाणी होते, म्हणून नुसता छापील आकडा वाचायला शिकून भागत नाही.

आकडा काढण्याची नेहमीची रीत अशी आहे. उपाहारगृह आपली ठरलेली पाककृती वजनासह देते, म्हणजे पनीर इतके ग्रॅम, काजू इतके, तेल इतके. आम्ही प्रत्येक घटकाचे मूल्य तक्त्यातून घेतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले, तेच यासाठी मुख्य आधार आहेत. सगळ्यांची बेरीज करून ती सर्विंगच्या संख्येने भागली की मेनूवरचा आकडा मिळतो. काही मोठ्या कंपन्या नमुने प्रयोगशाळेतही तपासून घेतात. मात्र दोन्ही रीतींत मोजला जातो तो ठरलेल्या कृतीचा पदार्थ, आणि तुमच्या ताटात येतो तो त्या दिवशी त्या स्वयंपाक्याने केलेला पदार्थ.

या दोहोंमधील अंतर मुख्यतः तेला-तुपात असते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९. कांदा चार चमचे जास्त पडला तर आकड्यात नगण्य फरक पडतो, पण तेलाचा एक मोठा चमचा जास्त पडला की सुमारे १२० कॅलरी वाढतात. म्हणून मी स्वयंपाकघरात जाते तेव्हा कढई वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणते आणि स्वयंपाक्याला रोजच्याप्रमाणेच तेल घालायला सांगते. कागदावर ३० ग्रॅम लिहिलेले असते, परंतु तो पळी डब्यात बुडवतो, कढईत रिकामी करतो, मसाला तळाला लागतो आहे असे वाटले की अर्धी पळी आणखी सोडतो, आणि काटा ५० च्या पुढे जातो. यात त्याची लबाडी अजिबात नसते, त्याचा हात तसाच बसलेला असतो. तळणीच्या पदार्थांत तर हे आणखी अवघड होते, कारण वडा किंवा भजी किती तेल पिते हे पिठाच्या ओलाव्यावर, तेल किती तापले आहे त्यावर आणि तळण्याच्या वेळेवर अवलंबून असते. अमेरिकेत २०११ मध्ये ४२ उपाहारगृहांतील २६९ पदार्थ प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा छापील आकडे सरासरीने बरोबर निघाले, परंतु सुमारे १९ टक्के पदार्थांत लिहिल्यापेक्षा किमान १०० कॅलरी जास्त आढळल्या. जिथे पदार्थाचे भाग कारखान्यात एकाच मापाचे तयार होऊन येतात, अशा बर्गर-पिझ्झाच्या साखळ्यांत ही तफावत कमी राहते, आणि जिथे हाताने फोडणी पडते तिथे ती वाढते, असा माझा अनुभव आहे.

आकड्याशेजारचे सर्विंगचे प्रमाण वाचणे हे माझ्या मते आकडा वाचण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच बहुतेक लोक सोडून देतात. पनीर बटर मसाल्याची एक प्लेट घ्या. त्यात साधारण १५० ग्रॅम पनीर असेल तर त्याचे सुमारे ४०० कॅलरी, ३० ग्रॅम लोण्याचे २१५, काजूच्या वाटणाचे १४०-१५०, मोठ्या चमचाभर तेलाचे १२०, आणि साय व कांदा-टोमॅटो मिळून शंभराहून थोडे अधिक, अशी बेरीज हजाराच्या आसपास जाते. हीच प्लेट तिघांसाठी धरली तर मेनूवर साडेतीनशेच्या आतला आकडा येतो आणि तो खोटाही नसतो. पण दोघांनीच ती संपवली तर प्रत्येकाच्या पोटात पाचशे कॅलरी गेल्या, आणि त्यात रोटी, भात, पापड अजून धरलेलेच नाहीत. पिझ्झाचा आकडा एका तुकड्याचा आहे की पूर्ण पिझ्झाचा, बिर्याणीचा एका माणसाचा आहे की हंडीचा, हे प्रत्येक वेळी पाहावे. पदार्थ स्वतःच्या आवडीप्रमाणे बदलून मागितला, म्हणजे जादा चीज किंवा जादा लोणी सांगितले, की छापील आकडा त्या ताटाला लागू राहत नाही.

मेनूच्या तळाशी आणखी एक ओळ असते, ती अशी की सरासरी सक्रिय प्रौढ व्यक्तीला दिवसाला २,००० किलोकॅलरी लागतात, मात्र गरज व्यक्तीनुसार बदलू शकते. या वाक्याचा उत्तरार्ध फारसा कोणी मनावर घेत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषासाठी २,११० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी १,६६० किलोकॅलरी धरल्या आहेत. खुर्चीत बसून काम करणाऱ्या स्त्रीने दोन हजार ही आपली मर्यादा मानली तर रोज तीनशेहून अधिक कॅलरी जास्त होतात, आणि वजन हळूहळू चढत जाण्यास तेवढे पुरते.

आकडे छापल्याने लोक खरोखर कमी खातात का, हाही प्रश्न तुमच्या मनात असेल. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये साखळी उपाहारगृहांवर ही सक्ती केली, संपूर्ण अमेरिकेत ती मे २०१८ मध्ये आली, आणि इंग्लंडमध्ये २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांसाठी एप्रिल २०२२ मध्ये. आकडे छापण्याच्या परिणामांवरील अनेक अभ्यासांचा, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२५ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की परिणाम होतो, पण लहान, म्हणजे ६०० कॅलरींच्या जेवणामागे सुमारे ११ कॅलरींचा. तरीही मी या नियमाच्या पूर्णपणे बाजूने आहे. ज्या स्वयंपाकघरात आजवर सगळे अंदाजपंचे चालत होते, तिथे आकडा छापायचा म्हटल्यावर वजनकाटा येतो, लोण्याची मात्रा कोणाला तरी ठरवावी लागते, आणि मालकाला पहिल्यांदाच कळते की आपली एक प्लेट हजार कॅलरींची आहे. ग्राहकालाही आपण काय विकत घेतो हे जाणण्याचा हक्क आहे, मग तो त्या माहितीचे पुढे काहीही करो.

आता जिथे आकडाच नाही अशा ठिकाणांकडे येते. तिथे पदार्थाचे नाव पाहण्यापेक्षा त्यात तेल कोणत्या टप्प्यावर पडते हे ओळखावे, कारण वेटरला केलेली कोणती विनंती फळते आणि कोणती वाया जाते हे त्यावरून ठरते. पंजाबी पद्धतीच्या हॉटेलांत ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात होऊन राहतात, लाल टोमॅटोची, पांढरी काजू-मगजाची, पिवळी कांद्याची. ऑर्डर आली की त्यातली एक डाव कढईत जाते. त्यामुळे रात्री नऊ वाजता तुम्ही “तेल कमी घाला” असे सांगितले तरी ग्रेव्हीत मुरलेले तेल निघणार नाही. वरून सोडायचे लोणी आणि साय, डाळीवरची शेवटची फोडणी, आणि तंदूरमधून निघताच न मागता रोटीवर फिरवले जाणारे लोणी या तीन गोष्टी मात्र नक्की वगळता येतात, आणि त्यातून माणशी शंभर-दीडशे कॅलरी सहज वाचतात. पांढऱ्या ग्रेव्हीऐवजी दाल फ्राय, पालकाची भाजी किंवा तंदुरी चिकन घेतले तर बचत त्याहून मोठी होते. मंचुरियन आधी तळून ठेवलेले असते आणि बिर्याणी दमातून उतरलेली असते, तेव्हा तिथे विनंती करण्यात अर्थ नाही, प्लेट वाटून घ्यावी हे बरे.

तव्यावर समोर होणाऱ्या पदार्थांचे तसे नाही. पावभाजीत लोणी दोनदा येते, एकदा भाजीवर आणि एकदा पाव भाजताना, आणि पाव कोरडे भाजून मागितले तर कोणीही ते आनंदाने देतो. डोसा कमी तेलात होतो, ऑम्लेटही होते. मिसळीत मटकीची उसळ स्वतः उत्तम अन्न आहे, मिसळीच्या कॅलरी वाढतात त्या तर्रीवरच्या तेलाच्या तवंगाने आणि फरसाणाने. म्हणून कट वेगळ्या वाटीत मागावा आणि फरसाण थोडे घालायला सांगावे, चव फारशी बिघडत नाही. उडपी हॉटेलात इडली आणि मेदूवडा या दोन्हींच्या पिठात उडदाची डाळ असली तरी इडली वाफेवर शिजते आणि वडा तेलात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. मालवणी जेवणात तळलेल्या तुकडीऐवजी तिखले किंवा तव्यावर थोड्या तेलात परतलेली मासळी घ्यावी, मात्र नारळाच्या वाटणाचे कालवण वाटीवर वाटी घेताना तोही स्निग्धांशच आहे हे विसरू नये.

अमर्याद थाळीविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्याला वजन उतरवायचे आहे त्याने ती महिन्यातून एखाद्या प्रसंगापुरती ठेवावी, कारण दिलेल्या पैशाचे मोल वसूल करण्याची भावना भुकेपेक्षा बलवान ठरते. खानावळीतली मोजकी राइसप्लेट, ज्यात दोन पोळ्या, भाजी, उसळ किंवा आमटी, कोशिंबीर आणि थोडा भात असतो, ती रोजच्यासाठी कितीतरी चांगली. पेयांबद्दल थोडेच सांगते. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते आणि तिने पोट भरत नाही, तेव्हा साधे पाणी, गोड नसलेले ताक किंवा सोलकढी मागावी.

छापील आकड्यात मिठाचा मागमूस नसतो, हीदेखील त्याची मोठी मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, आणि कमी कॅलरींचे म्हणून घेतलेले सूप, लोणचे, पापड, सोया सॉस यांतच ते भरपूर असते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी केवळ कॅलरी पाहून पदार्थ निवडू नये. ज्यांना खाण्याविषयीच्या मानसिक आजाराने पूर्वी ग्रासले आहे, त्यांच्यासाठी तर हे आकडे अपायकारक ठरू शकतात. इंग्लंडच्या नियमांत ग्राहकाने मागितल्यास आकडे नसलेले मेनूकार्ड देण्याची मुभा ठेवली आहे, ती मला योग्य वाटते. घरात अशी व्यक्ती असेल तर टेबलावर आकडे मोठ्याने वाचू नयेत.

तुमच्या वडिलांसाठी मात्र हा आकडा पुरेसा नाही. ३०० कॅलरींचा भात आणि ३०० कॅलरींचे तंदुरी चिकन यांचा रक्तातील साखरेवर होणारा परिणाम अगदी वेगळा असतो, आणि मेनूवर दोन्ही सारखेच दिसतात. त्यांच्या ताटात भात, नान, बटाटा आणि गोड यांपैकी एकच गोष्ट मोजकी असावी, आणि जेवणाची सुरुवात कोशिंबीर, डाळ, पनीर किंवा मासे-चिकन यांनी व्हावी. ते इन्सुलिन घेत असतील किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर रात्री बाहेर जायचे म्हणून त्यांना संध्याकाळचे खाणे टाळू देऊ नका, आणि मात्रेत काही बदल करायचा असल्यास आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. गर्दीच्या वेळी हॉटेलात जेवण यायला तासभर लागू शकतो, म्हणून गोळी किंवा इन्सुलिन घरून निघताना न घेता, डॉक्टरांनी जेवणाच्या किती आधी घ्यायला सांगितले आहे ते पाहून त्या अंदाजानेच घेऊ द्या, आणि टेबलावर बसताच त्यांच्यासाठी डाळ-रोटी किंवा इडली यांसारखे लगेच येणारे काही तरी पहिल्यांदा सांगून ठेवा.