करार संपण्याआधी भाड्याचं घर सोडायचंय, नवा भाडेकरू शोधताना फसवणूक कशी टाळू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळ अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट, पाच महिने झालेत, पुण्याला नोकरी लागली, आणि मालक म्हणतात, "तुमच्या जागी दुसरा माणूस आणून द्या, मगच डिपॉझिट." तुम्ही नेटवर जाहिरात टाकलीत आणि दुसऱ्याच दिवशी एक जण घर न बघता डिपॉझिट पाठवायला तयार झाला. फक्त "छोटंसं व्हेरिफिकेशन" करा म्हणतोय. तर सगळ्यात आधी एवढंच सांगतो: त्याला काही पाठवू नका. एक रुपयासुद्धा नाही.

मी इथे भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देतो. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जातो, त्यामुळे घर सोडणारे, घेणारे आणि मालक असे तिघेही रोज भेटतात. पण तुम्हाला लगेच लिहायला बसलो ते माझ्या धाकट्या बहिणीमुळे.

ती चिपळूणला एका लॅबमध्ये कामाला होती. लग्न ठरलं, घर सोडायचं होतं, गणपती तोंडावर आलेले. जाहिरात टाकल्यावर एक फोन आला. हिंदीत, अगदी अदबीनं बोलणारा. मी फौजेत आहे, बदली झालीय, बायकामुलं पुढच्या आठवड्यात येतील. ओळखपत्र, गणवेशातला फोटो, कँटीनचं कार्ड, सगळं न मागता पाठवलं. मग म्हणाला, आमचे पैसे ऑफिसच्या खात्यातून येतात, आधी तुम्ही एक रुपया पाठवा म्हणजे खातं जोडलं जाईल. हिनं एक पाठवला, त्यानं दोन परत केले. तिथे तिचा विश्वास बसला. मग आला क्यूआर कोड: स्कॅन करा, पिन टाका, डिपॉझिट जमा होईल. पिन टाकला आणि १८ हजार गेले. फोन चालूच होता. "चुकून उलटं झालं, पुन्हा एकदा करा, दोन्ही मिळून परत येतील," असं तो म्हणत होता. तिनं पुन्हा केलं नाही, कारण खात्यात काही उरलंच नव्हतं. पैशांपेक्षा "मला कसं कळलं नाही" हेच तिला आजही जास्त लागतं. ती हुशार मुलगी आहे. त्या माणसांचा दिवसभराचा धंदाच हा असतो आणि आपण आयुष्यात एखाद्या वेळी घर सोडतो, एवढाच फरक.

यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, लिंक उघडावी लागत नाही की कुठलं ॲप टाकावं लागत नाही. समोरचा कितीही मोठा साहेब असो, यात बदल नाही.

दुसरा प्रकार जादा पैशांचा. "दहा हजारांऐवजी चुकून तीस गेले, वीस परत करा" म्हणत पैसे जमा झाल्याचा मेसेज दाखवतात. मेसेज आणि स्क्रीनशॉट दोन्ही खोटे बनवता येतात, म्हणून शिल्लक बँकेच्या ॲपमध्ये बघा. आणि खरोखरच पैसे आले असले, तरी तो सांगेल त्या खात्यावर स्वतः परत पाठवू नका. ते तिसऱ्याच कोणाचे लुबाडलेले असू शकतात आणि तक्रार झाली की गोठतं ते तुमचं खातं. सरळ बँकेत जाऊन लेखी कळवा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही ज्याला भाडेकरार म्हणता तो बहुतेक वेळा लीव्ह अँड लायसन्सचा असतो, म्हणजे मालकानं तुम्हाला दिलेली राहण्याची परवानगी. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार (ईझमेंट्स ॲक्ट) अशी परवानगी दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. म्हणून "माझा उरलेला करार तुम्ही घ्या" असा व्यवहार तुमच्या हातात नाहीच. तुम्ही फक्त माणूस शोधून द्यायचा. मालकानं तुमचा करार लेखी रद्द करायचा आणि नव्या माणसाशी नवा करून तो नोंदवायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. नोंदणी फी शहरात १,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५००, मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कमही त्या भाड्यात मिळवतात. थोडक्यात, तुमच्यासारख्या फ्लॅटला मुद्रांकाचा खर्च काही शे रुपयांत आटपतो. एवढ्यासाठी "कशाला नवा करार, तुमचाच चालू ठेवू" म्हणणारा मालक असो की भाडेकरू, ऐकू नका.

कारण मी हे पाहिलंय. इथल्या नाचणे गावातल्या एका मुलानं घाईत जुन्याच करारावर एकाला घर दिलं, किल्ली दिली, स्वतः मुंबईला गेला. त्या पाहुण्यानं आठवड्याभरात तेच घर मालक म्हणून तिघांना दाखवलं, तिघांकडून डिपॉझिट घेतलं आणि पसार झाला. पोलीस आले ते त्या मुलाकडे, कारण करारावर नाव त्याचं, भाडेकरू म्हणून पोलिसांकडे दिलेली माहितीही त्याचीच. सुटता सुटता त्याची नवी नोकरी जायची वेळ आली होती. म्हणून नव्या कराराची नोंदणी होईपर्यंत किल्ली कोणाच्याही हातात देऊ नका, "फक्त सामान ठेवतो" म्हटलं तरी.

डिपॉझिटचंही तसंच. इथे सर्रास नवा माणूस जुन्याला पैसे देतो आणि मालक मधून बाजूला होतो. सोयीचं वाटतं, पण उद्या नव्याचं मालकाशी वाजलं की तो तुमच्या दारात येतो. नव्यानं मालकाला द्यावेत, मालकानं तुम्हाला, दोन्ही बँकेतून, शक्यतो एकाच दिवशी, नोंदणीचा अंगठा उठल्यावर. त्याच बैठकीत वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या आणि "हिशेब पूर्ण" अशी मालकाची सही घ्या.

आणि आधी तुमचा करार काढून लॉक-इनचं, म्हणजे किती महिने घर सोडता येत नाही त्याचं, कलम वाचा. लॉक-इन संपला असेल आणि महिन्याची नोटीस पुरेशी असेल, तर दुसरा माणूस आणून देणं कदाचित तुमच्यावर बंधनकारकच नाही. असे कितीतरी लोक पाहिलेत, जे नुसत्या तोंडी दबावाखाली गिऱ्हाईक शोधत फिरतात.

शोधायचंच असेल तर नेटपेक्षा ओळखीच्या वाटा बऱ्या. मारुती मंदिराकडच्या दुकानांत चिठ्ठी लावा, जिल्हा रुग्णालयात, कॉलेजात, मिरजोळे एमआयडीसीत कोणी ओळखीचं असेल तर सांगून ठेवा. मे-जूनला बदल्या झालेले शिक्षक आणि बँकवाले घरं शोधतात. माणूस येईल तेव्हा घर बघायला स्वतः येऊ दे किंवा त्याच्या घरचं कोणीतरी येऊ दे. तो नोकरी कुठे करतो म्हणतो, तिथल्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधून फोन करा, त्यानं दिलेल्या नंबरावर नको. जाहिरातीच्या फोटोत "अमुक तारखेला काढला" अशी हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवा, म्हणजे तेच फोटो चोरून कमी भाड्याची खोटी जाहिरात करणं अवघड जातं. तुमच्या आधारची प्रत कोणाला देऊ नका. द्यावीच लागली तर आधीचे आकडे झाकलेली, मास्क्ड प्रत द्या.

चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात, त्यामुळे इथे मिनिटं मोजावी लागतात. बहिणीनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, घाबरून. तोवर ते कुठल्या कुठे गेले होते.

त्या माणसाला आज एवढंच लिहा: "घर बघायला या, मालक हजर असतील, व्यवहार थेट त्यांच्याशी होईल." उत्तर काय येतं ते इथे कळवा. आणि लॉक-इनचं कलम नीट समजत नसेल, तर नावं आणि आधार नंबर झाकून तेवढा मजकूर इथे टाका, मी वाचून सांगतो.