पैशाची ओढाताण असताना मिनिमलिझम, म्हणजे मोजक्या वस्तूंत राहणं, जमतं का? घरातलं आधी काय काढावं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्या भाड्याने आहेत, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी मुलगी, दोघांचे मिळून महिन्याला २२ हजार येतात, आणि घर मोकळं केलं की खर्च आटोक्यात येईल असं वाटतंय. घर मोकळं केल्यानं खर्च कमी होत नाही. नवीन घेणं थांबवल्यानं होतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

‘लागलं तर परत घेता येईल’ म्हणून वस्तू काढून टाकायला सांगणाऱ्यांकडे परत घ्यायला पैसे असतात. तुमच्याकडे सध्या नाहीत. म्हणून जे दर महिन्याला पैसे मागतं, त्याच्यापासून सुरुवात करा. हप्त्यावरचा फोन फेडून झाला की पुढचा घेऊ नका. ‘नो कॉस्ट’ हप्त्यातही बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी असते आणि व्याजावरचा जीएसटी लागतो. न बघितली जाणारी चॅनेलं, दुसरं सिमकार्ड, हे आजच बंद करा. फुटकं प्लास्टिक, खोकी, बंद पडलेले चार्जर भंगारात द्या. जुनी पितळेची भांडी वापरात नसतील तर मोडीत वजनावर जातात, तीही काढा. सोनं मात्र ‘मोकळं व्हायचं’ म्हणून गुजरीत, सराफाकडे, नेऊन मोडू नका. घडणावळ परत मिळत नाही, आणि पुढे घ्यायला गेलात की पुन्हा घडणावळ आणि वर ३ टक्के जीएसटी.

आता तुमचं वाक्य, ‘माळ्यावरची धान्याची पिंपं सासूबाईंनी ठेवलीत, ती आधी काढणार आहे.’ ती काढू नका. यासाठीच मी लिहायला बसले. आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणतात माळा रिकामा असला की डोकं मोकळं राहतं. २५ तारखेला डाळीचा डबा रिकामा झाला की काय होतं, ते त्या बोलत नाहीत. पाव-पाव किलोनं कोपऱ्यावरून आणलेली डाळ लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात एकदम घेतलेल्या डाळीपेक्षा महागच पडते. शिवाय तुमचं उत्पन्न वर्षाला २ लाख ६४ हजार. केशरी कार्डाची मर्यादा १ लाखाची आहे, त्यामुळे रेशनचा आधार धरता येत नाही.

वर्षाचं भरायला पैसे एकदम लागतात, ते नसतील तर तीन महिन्यांचं भरा. तिघांना दोन वेळच्या चपात्यांसाठी गहू ३० किलो, तांदूळ १५, तूरडाळ ६ किलो धरा. भाकरी जास्त होत असेल तर त्या प्रमाणात गहू कमी करून ज्वारी घ्या. ३० किलो गव्हाला साधारण ४० लिटरचं पिंप पुरतं. भरण मेअखेर उरका, जूनचा पहिला पाऊस पडला की धान्य वाळत नाही.

गहू चाळून, निवडून, बोटभर जाडीचा पसरून दोन-तीन कडक उन्हं द्या. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. उन्हातून आणून लगेच पिंपात ओतू नका. गरम धान्यावर झाकण लागलं की वाफ आतच धरते आणि वरच्या थराला बुरशी येते. घरात सावलीत पूर्ण गार होऊ द्या, अंगणात रात्रभर ठेवलंत तर दव धरेल. तांदळाला कडक ऊन देऊ नका, दाणा तडकतो आणि भाताचा चुरा होतो. त्याला सावलीतला वारा पुरे. तूरडाळीला ६ किलोला दोन मोठे चमचे एरंडेल दोन्ही हातांनी चोळून लावा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळवून, ओलसर पाल्यानंच कीड लवकर लागते. बोरिक पावडर घालू नका, घरात मूल आहे.

पिंप काठोकाठ भरा. भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर किंवा फळीवर ठेवा, इथल्या पावसात भिंत आणि फरशी दोन्ही पाझरतात. रोज पिंप उघडायचं नाही. उघडीप असेल त्या दिवशी कोरड्या हातानं पंधरा दिवसांचं धान्य छोट्या डब्यात काढा आणि दळणही तेवढंच आणा, पावसाळ्यात पिठात अळ्या लवकर होतात. जुलैत सोंडे दिसलेच तर उन्हाची वाट बघत बसू नका. चाळा, आणि तेच धान्य आधी संपवा.

कपड्यांचंही तसंच. ‘तीन जोड पुरे’ हे कोरड्या गावातलं गणित आहे. इथे जुलैत कपडा दोन-तीन दिवस वाळत नाही, त्यामुळे आतले कपडे सात आणि मुलीचे गणवेश किमान दोन हवेतच. जुन्या सुती साड्या टाकू नका, त्यांची वाकळ (गोधडी) शिवून घ्या. नायलॉनच्या नको, सरकतात आणि घाम शोषत नाहीत.

बंद पडलेली वस्तू फेकण्याआधी दुरुस्तीची चौकशी करा, आपल्या गावात उद्यमनगर आहे, कारागिरांना तोटा नाही. पंखा हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. जुन्यावर २.५ लिहिलं असेल तर २.५चाच बसवायला सांगा, मोठा घातला तर मोटार तापते. मिक्सर आवाज करतो पण भांडं फिरत नाही, तेव्हा कपलर झिजलेला असतो. कुकरची वाफ झाकणाच्या कडेनं जाते, तेव्हा रिंग.

जाऊबाईंचं एक म्हणणं मला मान्य आहे. पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात तळमजल्यावर राहत असाल तर सामान कमीच हवं. २०१९ आणि २०२१ मध्ये भुशाच्या फळ्यांची कपाटं फुगून कामातून गेली, लोखंडी कॉट आणि स्टीलची भांडी धुऊन परत वापरात आली. राजारामपुरी उंचावर आहे, पण पुढेमागे नदीकडच्या पेठेत घर घेतलंत तर धान्य माळ्यावरच ठेवा. आणि तुमचा अकरा महिन्यांचा करार मे-जूनमध्ये संपत असेल तर आधी घर बदला, मग भरा. भरलेलं पिंप टेम्पोतून नेताना झाकण सैल होतं आणि एकदा ओल शिरली की केलेली सगळी वाळवण फुकट जाते.