चकमक घे, ब्लेड राहू दे

प्रिय 'गोंधळलेला शिष्य',

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तू चोवीस वर्षांचा, तीन वर्षं एका सरांच्या जंगल-शिबिरांना जातोस. आग पेटवणं, पाणी शोधणं, उघड्यावर रात्र काढणं त्यांच्याकडूनच शिकलास. हळूहळू दाढी सरांसारखी, बोलणं सरांसारखं, आणि घरच्या आमटीला नावं ठेवणंही सरांसारखंच. गेल्या शिबिरात त्यांनी सांगितलं, साप चावला तर ब्लेडने चीर द्यायची आणि विष चोखून थुंकायचं. एक नर्स म्हणाली, "असं करत नाहीत." सरांनी तिला 'एसीत बसणारी' म्हणून सगळ्यांसमोर गप्प केलं. सगळे हसले, तूही हसलास. घरी येऊन शोधलंस तर नर्सचं बरोबर निघालं. आता विचारतोस, "मावशी, तीन वर्षं फुकट गेली का?"

आधी सापाचं. नर्सचं शंभर टक्के बरोबर. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठायचं थांबतं, आणि अशा माणसाला तू ब्लेड लावणार? ती चीर वाहतच राहील. चोखून विष निघत नाही. करकचून दोरीही बांधायची नाही. चावलेल्या हातापायातलं अंगठी, घड्याळ, पैंजण काढायचं, तो अवयव काठीचा आधार देऊन हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात लवकरात लवकर न्यायचं. मण्यार तर झोपेत चावते, कधीकधी दुखतही नाही, खूण शोधून सापडत नाही. 'सूज नाही, म्हणजे बिनविषारी' असंही कोणी शिकवलं असेल तर तेही विसर.

आता तुझ्या तीन वर्षांचं. पत्रात तू लिहिलंयस की सावरीच्या कापसावर चकमकीची ठिणगी पडली, तू ओंजळीत धरून फुंकर घातलीस आणि धूर डोळ्यांत गेला तेव्हा रडू आलं. ती आग खोटी होती का रे? ती तुझ्या हातात पेटली. सापाचा धडा मात्र तिथे कोणीच करून पाहिलेला नव्हता, सरांनीही नसणार. आवाज एकच, म्हणून दोन्ही गोष्टी तुला सारख्याच खऱ्या वाटल्या.

मी कॉलेजात असताना आमचा एक ट्रेक लीडर होता. झाडाच्या ज्या बाजूला शेवाळ ती उत्तर, असं छातीठोक सांगायचा. थंड मुलुखातलं कुठलं तरी पुस्तक वाचलं असणार. ऐन श्रावणात, धुक्यात, सह्याद्रीत आम्ही शेवाळ बघत निघालो. सगळ्या झाडांना सगळ्या बाजूंनी शेवाळ! तीन तास भिजत फिरलो. शेवटी गुरं वळणाऱ्या एका पोराने वाट दाखवली. पण पाठपिशवी कशी भरायची, ओले मोजे कधी बदलायचे हे त्याच लीडरने शिकवलं, आणि आजही मी पिशवी तशीच भरते.

शिकारी-लेखक जिम कॉर्बेट लहानपणी नैनितालजवळच्या काळाढुंगीला जंगलात फिरायला शिकला तो कुंवर सिंग नावाच्या माणसाकडून. हा जवळच्या एका गावचा मुखिया आणि त्या भागातला नावाजलेला चोरटा शिकारी. म्हातारपणी अफूच्या नादाने मरायला टेकला, तेव्हा कॉर्बेटनेच त्याला शपथ घालून अफू सोडायला लावली. आपल्या गुरूची चोरटी शिकार आणि अफू दोन्ही त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवली, आणि तरी त्या लिखाणात माया ओसंडते. देव करून ठेवला असता तर शपथ कोण घालणार होतं?

तुझ्या सरांना तूच देव केलंस, हे जरा कडू वाटेल. सोपं असतं ना ते! सरांना माहीत आहे म्हटलं की आपल्याला रात्री बसून वाचावं लागत नाही. सरांनाही ते आवडायला लागतं, मग 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघेनासं होतं. तीन वर्षांत ते कितीदा ऐकलंस, आठवून बघ.

आज त्या नर्सला फोन कर. तू हसलास, त्याबद्दल माफी माग. 'सर असे कसे' ही चर्चा त्या फोनवर नको. मग सरांना एकटं गाठ आणि सांग, पुढच्या शिबिरात सापाचा भाग सर्पदंशाचे रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरांकडून घ्या. ऐकलं तर उत्तमच. नाही ऐकलं, ब्लेड पुन्हा बाहेर आलं, तर तिथेच सगळ्यांसमोर उभं राहून बोल. शिबिरातून काढतील कदाचित. काढू देत. त्या घोळक्यात उद्या कोणाला तरी खरंच साप चावणार आहे.

शिकत मात्र राहा, याच सरांकडून राहिलास तरी माझी हरकत नाही. जूनमध्ये भर पावसात एकटा अंगणात बसून चकमक चालवून बघ. पेटली नाही तर सरांनाच विचार, का पेटली नाही.

दाढी ठेवायची तर ठेव. आमटीला नावं ठेवणं बंद कर.

तुझी,
मावशी