दूध उतू जातं, पण बाळाची हालचाल कळते

प्रश्न : डॉक्टरताई, मी पतसंस्थेत कॅशियर आहे. मुलगी पाच महिन्यांची आहे. पूर्वी खातेदारांचे नंबर मला तोंडपाठ असायचे. आता गॅसवरचं दूध लक्षात राहत नाही. सासूबाई म्हणतात, ‘बाळंतपणात निम्मी बुद्धी जाते.’ पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, कॅशवर बसायची धास्ती वाटते. मेंदूत खरंच काही बदलतं का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : बदलतं गं. पण सासूबाई म्हणतात तसं नाही.

बार्सिलोनात २५ पहिलटकरणींचे एमआरआय दिवस राहण्याआधी आणि बाळंतपणानंतर काढले. ते संशोधन २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालं. मेंदूतला करडा भाग काही ठिकाणी घटला होता, आणि इतका ठळक, की तेवढ्यावरून कोण आई झालीय हे संगणकाने ओळखलं. दोन वर्षांनीही बरीचशी घट तशीच होती. नव्याने बाप झालेल्यांत मात्र असं काही दिसलं नाही.

घट म्हटल्यावर दचकू नकोस. ती झाली समोरच्याच्या मनातलं ओळखणाऱ्या भागांत. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फरक पडला नव्हता. वयात येतानाही मेंदू असाच बदलतो. तू तासगावची, तुला द्राक्षाची छाटणी काय सांगू? खरड छाटणीनंतर बाग बोडकी दिसते, म्हणून बाग गेली म्हणतं का कुणी? ज्यांच्यात हा बदल जास्त, त्यांची बाळाशी ओढही जास्त दिसली. रात्री मुलीने नुसती कूस बदलली तरी तुला जाग येत असेल, नवरा घोरत असेल.

लिझ क्रॅस्टिल या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी तर स्वतःच्याच मेंदूचे २६ स्कॅन करवून घेतले, गरोदरपणाआधीपासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. तो अभ्यास २०२४ चा. मला त्या बाईंचं कौतुक वाटतं.

मग दूध का करपतं? सलग चार तास शेवटची कधी झोपलीस, ते आठव. थोरल्याच्या वेळी मी कामं बॉलपेनने तळहातावर लिहायची, आणि लंगोट धुताना यादी पुसून जायची!

तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतं आणि आपण त्याला विसरभोळेपणा म्हणत बसतो. सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र थांबू नकोस, लगेच डॉक्टरांना सांग.

रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस पासबुकाचा काउंटर मागून घे. आणि दूध तापवायचं काम सासूबाईंकडे दे. त्यांची बुद्धी शाबूत आहे ना!