ब्रेक धरतो, पण कुठे?

प्रश्न : मेस्तबाब, आजोबांची १९२४ ची फोर्ड टी मॉडेल आम्ही पुन्हा चालू केली आहे. दिवाळीनंतर ती पणजीला न्यायचा विचार आहे. पुतण्या म्हणतो, ‘चाळीसच्या वेगात न्यायची आणि करकचून ब्रेक मारायचा, थांबली की पास.’ ब्रेक असाच तपासतात का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : पुतण्याला तूर्तास स्टिअरिंगपासून लांब ठेवा.

तुमच्या गाडीचे उजवे पेडल चाकाला धरतच नाही. ते गिअरबॉक्समधल्या ड्रमवरचा पट्टा आवळते. तो जोर शाफ्ट, पिनियन (लहान दातेरी चाक), क्राउन (त्यात अडकणारे मोठे दातेरी चाक) असा फिरत मागच्या चाकांपर्यंत पोचतो. मध्ये काहीही तुटले, की पेडल घट्ट लागते आणि गाडी मात्र सुटते. मागच्या ॲक्सलमधले जुने बॅबिटचे, म्हणजे मऊ मिश्रधातूचे, थ्रस्ट वॉशर (क्राउनला जागेवर धरणाऱ्या चकत्या) फुटतात, क्राउन पिनियनपासून सरकतो आणि ब्रेक गेला. म्हणून मी आधी विचारीन : ॲक्सल उघडला होता का? वॉशर कांस्याचे घातले का? उत्तर ‘नाही’ असेल तर गाडी अंगणाबाहेर काढू नका. रंग आणि हूड नंतर बघू.

मग हाताचा लिव्हर. हा थेट मागच्या चाकांवर चालतो. पुढच्या चाकांना अडसर लावा, मागची दोन्ही उचला, लिव्हर ओढून एकेक चाक हाताने फिरवून बघा. एक अडते आणि दुसरे फिरते, तर रॉड जुळवून घ्या. तुमच्या सालच्या गाडीत तिथे बिडाचे बिनअस्तराचे शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) असतात; उभी गाडी धरतील, धावती थांबवायला त्यांच्यावर भिस्त नको. शिवाय लिव्हर पूर्ण मागे ओढला की गाडी न्यूट्रल होते, म्हणजे उतारावर इंजिनाचा आधार नाही. चाकाखाली चिऱ्याचा तुकडा ठेवावाच.

एवढे झाले की कोरडे, सपाट, रिकामे मैदान शोधा. वेग ताशी २० किलोमीटर, बस्स. स्पीडोमीटर नसेल तर मोबाइलचा जीपीएस चालेल. चुन्याची रेघ मारा, रेघेवर पेडल दाबा, टेपने मोजा. पाच-सहा मीटरांत सरळ थांबली तर उत्तम. पुतण्याला सांगा, वेग दुप्पट केला तर थांबायचे अंतर चौपट होते. १९०२ साली न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड ड्राइव्हवर अशीच परीक्षा झाली होती. ओल्ड्स या अमेरिकी कारखानदाराची मोटार ताशी १४ मैलांवरून साडेएकवीस फुटांत थांबली, चार घोड्यांच्या गाडीला सत्तर फुटांहून जास्त अंतर लागले. मागच्याच चाकांना ब्रेक असलेल्या गाडीकडून याहून फार अपेक्षा धरू नये. ब्रेक लागला की वजन पुढे जाते, मागची चाके हलकी होऊन घसरतात. पावसात, लाल चिखलावर तर शेपूट आधी वळते.

फर्मागुडीहून म्हार्दोळकडे उतरताना ब्रेकचे पेडल धरून बसू नका. पट्ट्याचे अस्तर सुती, तेलात बुडालेले. सतत घासले की जळते. वरूनच वेग कमी करा, डावे पेडल पूर्ण दाबून लो गिअरमध्ये उतरा, इंजिन गाडी आवरील. आणि पेडल फळीला टेकत असेल तर पट्टा आवळल्याशिवाय निघू नका.