संरक्षण खर्चाचा जाब विचारतं कोण?

प्रश्न : संरक्षण खात्याच्या खर्चाच्या (अनुदान) मागण्या लोकसभेत बऱ्याचदा चर्चेविनाच मंजूर होतात असं वाचलं. मग एवढ्या खर्चाचा हिशेब खासदार मागतात तरी कुठे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सभागृहात फारसा नाहीच. चर्चेची मुदत संपते त्या, म्हणजे 'गिलोटिन'च्या, दिवशी चर्चा न झालेल्या साऱ्या मागण्या एकदम मताला टाकतात. त्यात संरक्षणाच्याही अनेकदा असतात. मागणीची रक्कम कमी करण्यासाठी कपात सूचना देता येते. सांकेतिक कपात शंभर रुपयांची. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची. पण ती मंजूर होणं म्हणजे सरकारवर अविश्वास, त्यामुळे व्हिप (पक्षादेश) निघाला की सत्ताधारी बाकांवरून तिला मत पडत नाही.

खरी झडती होते संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीत. लोकसभेचे २१, राज्यसभेचे १० सदस्य. मंत्र्यांना प्रवेश नाही, बैठका बंद दाराआड. अर्थसंकल्प मांडल्यानंतर अधिवेशनाला मधली सुट्टी असते, तेव्हा समिती संरक्षण सचिवांना आणि सेनादलांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवते. संरक्षणाच्या मागण्या चार : मंत्रालयाचा नागरी खर्च, दलांचा महसुली (पगार, देखभाल असा रोजचा) खर्च, भांडवली (शस्त्रखरेदीसारखा) खर्च आणि निवृत्तिवेतन. २०२५-२६च्या सुमारे ६.८१ लाख कोटींत भांडवली १.८० लाख कोटी, तर निवृत्तिवेतन जवळपास १.६१ लाख कोटी.

'भांडवली तरतूद वाढली' ही बातमी वाचून लगेच हुरळू नये. त्यातून जुन्या करारांचे हप्ते किती जाणार, हा पहिला प्रश्न. २०१८मध्ये उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीपुढे आकडेच ठेवले : लष्कराच्या आधुनिकीकरणाला २१,३३८ कोटी, आणि आधीची देणी २९,०३३ कोटी. म्हणजे नवी खरेदी दूरच, हप्तेही भागत नव्हते. ६८ टक्के साधनसामग्री जुनाट असल्याचंही त्यांनीच सांगितलं. हे बाहेर आलं ते समितीच्या अहवालामुळे.

समितीच्या शिफारशी मात्र बंधनकारक नाहीत. सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं, त्यावर समितीचा कृती अहवाल निघतो. संसदेच्या संकेतस्थळावर तो मिळतो. सरळ चौथं प्रकरण उघडा. सरकारची जी उत्तरं समितीला पटली नाहीत, ती तिथे असतात. पाचव्यात 'अंतिम उत्तर प्रतीक्षेत' असलेले मुद्दे. हे पाचवं प्रकरण लांबलचक असलं, तर मंत्रालय वेळ काढतंय असं बेलाशक समजावं.

प्रश्न : कॅगचा (नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा) अहवाल आल्यावर पुढे काय होतं? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : तो संसदेत मांडला जातो आणि सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातो. २२ सदस्यांच्या या समितीचं अध्यक्षपद १९६७पासून विरोधी पक्षाकडे असतं. समिती निवडक परिच्छेदच खोलात तपासते, बाकीच्यांवर लेखी उत्तरं घेते. अडचण एवढीच की तोवर पैसा खर्च होऊन गेलेला असतो. तरी दट्ट्या बसतो. युद्धात ४० दिवस पुरेल एवढा दारूगोळा हवा असताना निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांचाही नव्हता, हे कॅगच्या २०१५च्या अहवालाने उघड केलं.

प्रश्न : युद्धातल्या चुकांचा चौकशी अहवाल संसदेला द्यावाच लागतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. १९६२च्या चीन युद्धातल्या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केलं, पण मूळ अहवाल पटलावर ठेवला नाही. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण पुढे करून मंत्री एखाद्या प्रश्नाचं उत्तरही नाकारू शकतात.